वहीतल्या खोट्या खुणा

पत्र : आदरणीय सर, सादर नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. वय २७. अर्थशास्त्रात एम.ए. केले असून तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. घरी सात एकर कोरडवाहू वावर, आईबाबा आणि धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला मी स्वतःची पंचवार्षिक योजना तयार केली : दुसऱ्या वर्षी सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, तिसऱ्या वर्षी कायम नोकरी, चौथ्या वर्षी वावरात विहीर, पाचव्या वर्षी भावाला इंजिनिअर करून नोकरीला लावणे. पहाटे चार ते रात्री अकरा असे वेळापत्रक भिंतीवर लावले आणि रोज ४० पाने वाचण्याचा नेम केला. एकही आठवडा त्याप्रमाणे गेला नाही. यंदा पावसाळ्यात बाबांचा पाय मोडला आणि उरलेसुरलेही कोलमडले. भाऊ ऐकत नाही. त्याला इंजिनिअरिंग नको, गावात मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकायचे आहे. बाबा म्हणतात, “पाणी का तुही वही वाचून पडते काय, माय?” सर, मी वर्गात सोव्हिएत योजना शिकवते. मागासलेला देश योजनेच्या बळावर महासत्ता होऊ शकतो, तर मला एकटीला माझा एक दिवस का आवरता येत नाही? की नियोजन ही गोष्टच फोल आहे आणि भाऊ म्हणतो तसा दिवस येईल तसा घ्यावा? ता. क. : लाज वाटते, पण लिहिते. गेले चार-पाच महिने मी न वाचलेल्या पानांपुढेही बरोबरची खूण करते आहे. वही कोणी पाहत नाही, तरीही.

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर तुम्ही ताजा कलमात ढकलला आहे. खोटी नोंद माणूस कुणाच्या तरी धाकाने करतो, आणि तुमची वही वाचणारे तुमच्याशिवाय दुसरे कोणी नसेल, तर तो धाक तुम्हाला तुमचाच आहे. रात्री अकरा वाजता थकलेल्या अंगाने पण मोठ्या उमेदीने उद्याचा तक्ता भरणारी एक तुम्ही आहात, आणि पहाटे गजर बंद करून, बाबांना खांद्याचा आधार देत न्हाणीपर्यंत नेणारी दुसरी तुम्ही आहात. पहिली हुकूम सोडते, दुसरी राबते. आणि दुसरीची अडचण ऐकून घेण्याची पहिलीला सवय नसल्यामुळे, दुसरीने हळूहळू पहिलीला हवे ते लिहून द्यायला सुरुवात केली आहे. ज्या सोव्हिएत योजनांचा तुम्ही दाखला देता, त्यांचे दुखणे अगदी हेच होते. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्या योजनांकडे थोडे निवांतपणे पाहू.

तुम्ही वर्गात जे शिकवता ते खोटे नाही, पण अर्धे आहे. मीही तीस वर्षे ते अर्धेच शिकवले. १९२१ साली गॉस्प्लॅन हे नियोजन मंडळ स्थापन झाले, १९२८ च्या ऑक्टोबरात पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि ती सव्वाचार वर्षांतच पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. उरल पर्वताच्या पायथ्याशी उजाड माळावर मॅग्निटोगोर्स्कचा पोलाद कारखाना उभा राहिला, हेही खरे. परंतु याच योजनेसाठी शेते सक्तीने सामूहिक करण्यात आली, शहरांसाठी आणि निर्यातीसाठी खेड्यांतले धान्य उचलले गेले, आणि १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान व इतर प्रदेशांत लाखो माणसे उपासमारीने मेली. एका ध्येयापुढे बाकी सर्व काही उपाशी ठेवण्याची तयारी असेल, तर हुकमाची, म्हणजे वरून ठरवून दिलेल्या लक्ष्यांवर चालणारी अर्थव्यवस्था ते ध्येय काही काळ गाठू शकते. पोलाद, रणगाडे, पुढे अवकाशयान हे तिला साधले. बूट, दूध आणि घराच्या दाराच्या कड्या तिला शेवटपर्यंत नीट साधल्या नाहीत. यातून तुमच्या कामाची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. परीक्षेच्या आधीचे पाच-सहा आठवडे तुम्ही हुकमाने चालवलेत, लग्नकार्ये टाळलीत, घरच्यांना तसे सांगितलेत, तर चालण्यासारखे आहे. पाच वर्षे तसे चालवायला गेलात, तर ज्या गोष्टी उपाशी राहतील त्यांत तुमची झोप आणि तुमचे आईबाबाही असतील.

आता रियाझानची हकिकत ऐका. ती पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या या प्रांताचा पक्षप्रमुख अलेक्सेई लारिओनोव्ह याने, मांस आणि दुधाच्या उत्पादनात अमेरिकेला गाठायचे या तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याच्या घोषणेला जोर देण्यासाठी, १९५९ या एका वर्षात सरकारला द्यायचे मांस तिप्पट करण्याचे वचन दिले. सुमारे ५० हजार टनांचे दीड लाख टन व्हायचे होते. गाय काही तिप्पट वेगाने वाढत नाही. तेव्हा आधी त्या वर्षीची सगळी जनावरे कापली गेली, मग दुभत्या गाई आणि पैदाशीची जनावरे कापली गेली, मग शेतकऱ्यांच्या घरच्या दावणीची जनावरे ‘तात्पुरती’ म्हणून नेली गेली, आणि तरीही आकडा भरेना तेव्हा शाळा, रस्ते आणि यंत्रांसाठी राखलेला पैसा काढून शेजारच्या प्रांतांतून मांस विकत आणले गेले. डिसेंबरात वचनपूर्ती जाहीर झाली आणि लारिओनोव्हला समाजवादी श्रमवीराचा किताब मिळाला. पुढच्या वर्षी प्रांत जेमतेम ३० हजार टन देऊ शकला, कारण गोठ्यात जनावरच उरले नव्हते. १९६० च्या शरदात लारिओनोव्हने आत्महत्या केली.

आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या माणसाला या हकिकतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्या गोठ्यावर पुढचे वर्ष उभे राहायचे तोच गोठा आकड्यात घातला गेला. पहाटे चार ते रात्री अकरा हे एकोणीस तासांचे वेळापत्रक ज्या आठवड्यात तुम्ही दोन-तीन दिवस पाळले असेल, त्या आठवड्याच्या शेवटी काय झाले ते आठवून पाहा. डोके जड, वर्गात चिडचिड, आणि पुढचे चार दिवस पुस्तकाकडे पाहवत नाही, असेच झाले असणार.

रियाझान हे टोकाचे उदाहरण झाले. रोजचे दुखणे याहून साधे होते. झुंबरे बनवणाऱ्या कारखान्याचे लक्ष्य टनांत ठरवले की कारखाना जडच जड झुंबरे बनवू लागे, आणि याबद्दल खुद्द ख्रुश्चेव्हने जाहीर तक्रार केली होती. तुमची ४० पाने ही अशीच टनांतली झुंबरे आहेत. ४० पाने भरायची असली की माणूस मोठ्या अक्षरांचे, भरपूर तक्त्यांचे, आधी दोनदा वाचलेले प्रकरण हातात घेतो आणि ज्या तीन पानांवर खरोखर अडतो ती तीन पाने उद्यावर टाकतो; असे करणारा माणूस आळशी असतो असे मुळीच नाही, तो दिलेल्या मापाशी इमानदार असतो. शिवाय, एखाद्या आठवड्यात तुम्ही रोज ५० पाने वाचलीत तेव्हा पुढच्या आठवड्याचे लक्ष्य ५० केले होते की नाही? पत्रात तसे नाही, पण मी शिक्षक आहे, विद्यार्थ्यांची जात ओळखतो. सोव्हिएत नियोजनातही मागच्या वर्षी जेवढे गाठले तिथून पुढचे लक्ष्य मोजण्याची रीत होती, आणि तिचा परिणाम असा झाला की शहाणा व्यवस्थापक कधीही पूर्ण ताकद दाखवत नसे, कच्चा माल लपवून ठेवी, महिन्याचे पहिले दहा दिवस सुस्तीत घालवी आणि शेवटचे दहा दिवस रात्रंदिवस यंत्रे पिटाळून आकडा भरून काढी. तुमचा सोमवार आणि तुमचा रविवार यांच्याकडे एकदा या नजरेने पाहा.

आणि कापसाचे उदाहरण तर आपल्या काळ्या मातीत बसून सांगायलाच हवे. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवून उझबेकिस्तानात कापसाखाली अधिकाधिक जमीन आणली गेली आणि १९६० साली जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर असलेला अरल समुद्र त्यापायी आटत गेला. पण मॉस्कोचे लक्ष्य जमिनीपेक्षाही वेगाने वाढत होते. तेव्हा शेतापासून जिनिंगपर्यंत आणि जिल्ह्यापासून प्रजासत्ताकाच्या राजधानीपर्यंत प्रत्येक पायरीवर थोडा थोडा कागदी कापूस मिसळला जाऊ लागला. जो कापूस कधी उगवलाच नव्हता त्याच्या पावत्या फाटल्या आणि त्याचे पैसेही चुकते झाले. १९८३ नंतर चौकशी सुरू झाली तेव्हा हा नसलेला कापूस लाखो टनांचा निघाला. तुमच्या वहीतल्या त्या खुणा म्हणजे हा कागदी कापूस, आणि त्याचे सर्वांत मोठे नुकसान नैतिक नाही. कागदावर कापूस दिसत राहिल्यामुळे, लक्ष्य चुकले आहे हे कळायला लक्ष्य ठरवणाऱ्याला कित्येक वर्षे लागली. तुमच्याही बाबतीत, चार-पाच महिन्यांच्या खुणा खऱ्या असत्या, म्हणजे रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवलेल्या असत्या, तर दिवसाला १२ पाने हीच तुमच्या परिस्थितीतली खरी चाल आहे असे काहीतरी तुम्हाला ऑगस्टमध्येच दिसले असते.

आपल्याही राज्याने याचा एक प्रयोग केला आहे. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस फक्त शासनाच्या यंत्रणेलाच विकावा असा कायदा होता. व्यापाऱ्याच्या मापातून आणि मनमानीतून शेतकरी सुटावा हा तिचा हेतू चांगला होता, आणि भाव पडलेल्या वर्षी तिने आधार दिला हेही मी नाकारणार नाही. परंतु राज्याबाहेर भाव चढले की रात्रीतून बैलबंड्या आणि ट्रक पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जात, आणि बाहेर भाव पडले की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. हुकूम कागदावर एकच राहिला, माणसे मात्र आपल्याला जे ठाऊक होते त्याप्रमाणे वागली.

‘आपल्याला जे ठाऊक होते’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. फ्रीड्रिक हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली मांडलेला मुद्दा तुम्ही शिकवत असालच : अर्थव्यवस्था चालवण्यासाठी लागणारे ज्ञान एका ठिकाणी गोळा झालेले नसते, ते असंख्य माणसांच्या डोक्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते, आणि त्यातले पुष्कळसे ‘या ठिकाणी, या वेळी’ एवढ्यापुरतेच असते, म्हणून ते कोणत्याही मंडळाच्या तक्त्यात भरता येत नाही. यावर तुम्ही म्हणाल की माझ्या योजनेत तर माणूस एकच आहे, मग ज्ञान विखुरणार कुठे? ते काळात विखुरलेले असते. पाडव्याच्या दिवशी योजना लिहिणाऱ्या तुम्हाला, जुलैत बाबांचा पाय मोडेल हे ठाऊक नव्हते. ऑक्टोबरात वेचणीला बाया मिळणार नाहीत आणि तुम्हालाच ओटी बांधून वावरात उतरावे लागेल हेही ठाऊक नव्हते. जे जुलैला कळते ते एप्रिलला कळूच शकत नाही. तेव्हा एप्रिलच्या तुम्ही जुलैच्या तुम्हाला बारीकसारीक हुकूम देऊन ठेवणे म्हणजे मॉस्कोत बसून ताश्कंदच्या वावरात कोणत्या दिवशी पाणी सोडायचे ते ठरवण्यासारखे आहे.

याचा अर्थ योजना सोडून द्यावी असा होत नाही, आणि इथे मला तुमच्या बाबांचा आधार घ्यायचा आहे. ते तुमच्या वहीला हसतात, पण त्यांच्या स्वतःच्या डोक्यात केवढी योजना असते ते कधी विचारून पाहिले आहे का? कोरडवाहू शेतकरी मृग लागल्याबरोबर पेरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नये असे कृषी विद्यापीठ सांगते, आणि जुना शेतकरी तेच ढेकूळ मुठीत दाबून ठरवतो. एकदा धुऱ्यावर उभे राहून मी एका सत्तरीच्या शेतकऱ्याला हे करताना पाहिले. त्याने वखरलेल्या तासात (ओळीत) बोटे खुपसली, मनगटापर्यंत हात आत घातला, बाहेर काढलेली माती दाबून गोळा केला, तो गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडला, आणि तो फुटून भुगा झालेला पाहून मुलाला एवढेच म्हणाला, “तिफण बंडीतून उतरवू नको.” ढगांनी आभाळ भरलेले होते, शेजारच्या वावरात पेरणी सुरू होती. पण त्याचा नियम आधीच ठरलेला होता : गोळा फुटला तर थांबायचे, टिकला तर पेरायचे, पाऊस लांबलाच तर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, काही तास कमी करून तूर वाढवायची, आणि पेरा साधला तरी पऱ्हाटीत तुरीचे तास ठेवायचेच, म्हणजे एक पीक बुडाले तर दुसरे हात देईल. या माणसाने तारीख ठरवली नव्हती. कोणती खूण दिसली की काय करायचे, ते ठरवले होते.

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नेमक्या अशाच नियमांचा अभ्यास केला आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली यावर ४८ तासांत टिपण लिहून पाठवायचे होते. ज्यांनी आधीच ‘कुठे आणि केव्हा बसून लिहीन’ हे नेमके ठरवले होते त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ते वेळेत लिहिले. ज्यांची नुसती इच्छा होती त्यांच्यापैकी जेमतेम एक-तृतीयांश जणांनी. तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यात ‘सायंकाळी ६ ते ८ वाचन’ असे लिहिलेले असेल. त्याऐवजी ‘परतीची एसटी उशिरा आली तर थांब्यावरच मागच्या प्रश्नपत्रिकेतले दहा प्रश्न सोडवीन’ असे लिहा. पहिले वाक्य एसटी वेळेवर येण्यावर अवलंबून आहे आणि दुसरे ती न येण्यावर, आणि आपल्याकडे कोणत्या गोष्टीची खात्री जास्त आहे ते तुम्ही जाणता.

वेळेच्या अंदाजाबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण सेटला दुसऱ्या वर्षीच का उत्तीर्ण झाले नाही म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावून घेतलेला दिसतो. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना एकदा विचारले गेले की तुमचा प्रबंध किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर ३४ दिवसांचे आले. सगळेच बिघडत गेले तर किती लागतील, या प्रश्नाचे उत्तर सुमारे ४९ दिवसांचे आले. प्रत्यक्षात सरासरी साडेपंचावन्न दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज अपुरा पडला. १९९४ च्या या अभ्यासाची आठवण मला गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांकडे पाहून नेहमी होते. १९८८ साली भूमिपूजन झाले तेव्हा ३७२ कोटींचा अंदाज होता, तो १८ हजार कोटींच्या पुढे गेला. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.ला मी तीन वर्षे धरली होती आणि आठ लागली, म्हणून या विषयावर मी फार तोंड वर करून बोलत नाही. आपण आपल्या कामाचा अंदाज करतो तेव्हा काम कसे होईल याची गोष्ट मनात रचतो, आणि त्या गोष्टीत कोणाचाही पाय मोडत नाही. म्हणून अंदाज स्वतःच्या उमेदीवरून करू नये; तासिका तत्त्वावर शिकवत, घर सांभाळत सेट झालेल्या आसपासच्या चार-पाच जणांना त्यांना किती प्रयत्न लागले ते विचारावे आणि तोच आकडा आपला धरावा.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, आणि इथे थोडे कठोर लिहिणार आहे. तुमच्या योजनेतली चार लक्ष्ये पुन्हा वाचा. सेट तुमची आहे. कायम नोकरी काही अंशी तुमची आहे. ती निघणाऱ्या जागांवर अवलंबून आहे, तेव्हा ती लक्ष्य म्हणून लिहिण्यापेक्षा आशा म्हणून लिहावी. विहीर बाबांच्या वावरात आहे, आणि त्यांना ती हवी आहे, किंवा त्या जागी पाणी लागेल असे त्यांना वाटते, असे पत्रात कुठेही नाही. भावाचे तर तुम्ही स्वतःच लिहिले आहे की त्याला दुसरेच काही हवे आहे. तुमच्या वहीत खरी हुकमाची अर्थव्यवस्था कुठे असेल तर ती या शेवटच्या दोन ओळींत आहे, कारण तिथे काम दुसऱ्याचे आहे आणि लक्ष्य तुम्ही लिहिले आहे.

मोटार रिवाइंडिंगचे दुकान म्हटल्यावर तुम्हाला कमीपणा वाटला असावा, एम.ए. झालेल्या बहिणीला वाटणे साहजिक आहे. पण हायेक वर्गात शिकवून घरी आल्यावर हे विचारा : आपल्या आणि शेजारच्या गावांत ओलिताची वावरे किती, चण्याला आणि गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत व्होल्टेज पडून किती मोटारी जळतात, जळलेली मोटार तालुक्याला न्यायला बंडी किंवा ऑटो किती घेतो, ती किती दिवस अडकून पडते आणि तेवढ्यात पीक किती सुकते, तांब्याच्या तारेचा आजचा भाव काय, उधारी कोण बुडवतो आणि कोण तुरीचे पैसे आल्यावर आणून देतो. यातले एकही उत्तर तुमच्या वहीत नाही, आणि बहुधा सगळी उत्तरे तुमच्या भावाच्या डोक्यात आहेत. त्याचा बेत बरोबरच आहे असे मी म्हणत नाही, कारण मला ती उत्तरे ठाऊक नाहीत. ती ज्याला ठाऊक आहेत त्याच्याऐवजी योजना तुम्ही लिहू नये एवढेच म्हणतो. ‘दिवस येईल तसा घ्यावा’ असे तो म्हणतो तेही कदाचित योजनेला कंटाळून म्हणत नसेल, तुमच्या योजनेला कंटाळून म्हणत असेल.

म्हणून पहिले काम असे करा. चौथ्या आणि पाचव्या वर्षाची पाने वहीतून काढा आणि ज्यांची त्यांना द्या. भावाला पान देताना उपदेश करू नका. वर लिहिलेले प्रश्न त्याला विचारा, उत्तरे त्याच्याच हाताने लिहू द्या, आणि आकडेमोडीत अर्थशास्त्राची मदत लागली तर करा. बाबांना विहिरीचे विचारा, पण पाय बरा झाल्यावर, वावरात नेऊन विचारा. घरात खाटेवर बसून शेतकरी विहिरीबद्दल खरे बोलत नाही.

राहिलेल्या वहीची मांडणीही बदला. डाव्या पानावर बेत, उजव्या पानावर जे घडले ते आणि का घडले ते, एका वाक्यात : ‘आज वेचणीला गेले, परत आल्यावर डोळे मिटत होते, काही वाचले नाही.’ बरोबरच्या खुणा पूर्ण बंद करा. खूण करायला सोपी असते, म्हणूनच ती खोटी करता येते. वाक्य खोटे लिहायला कष्ट पडतात. आणि रात्रीच्या तुम्ही बेत आखण्यापूर्वी उजवे पान मोठ्याने वाचावे, हा एकच नियम पाळा. पानांचे मापही टाकून द्या. सेटला पहिल्या पेपरात ५० आणि विषयाच्या पेपरात १०० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि मागच्या प्रश्नपत्रिका मिळतात. तेव्हा ‘पुस्तक मिटून आज किती प्रश्न स्वतः सोडवले आणि त्यातले कोणते चुकले’ हेच माप ठेवा. हे मापही कधीतरी झुंबर होईल, तुम्ही सोपे प्रश्नच निवडू लागाल. त्या दिवशी ते उजव्या पानावर लिहा आणि माप बदला.

दिवसाचे सगळे तास भरू नका. सोव्हिएत योजना इतक्या ताणलेल्या असत की एका कारखान्याचे बोल्ट उशिरा आले तर पुढच्या चार कारखान्यांचे काम खोळंबे, कारण शिलकीत काही ठेवलेलेच नसे. वखर हाकणारा माणूसही कासरा सदैव ताणून धरत नाही. सध्या दिवसाला दीड तास एवढाच अभ्यास धरा, आणि वेचणीच्या दिवसांत तोही धरू नका.

आणि पंचवार्षिक योजनेचे काय करायचे, तर आपल्याच देशाचे उदाहरण घ्या, तेही तुम्ही शिकवता. १९६५ चे युद्ध, पाठोपाठ दोन वर्षांचे दुष्काळ आणि १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन यांमुळे चौथी योजना वेळेवर सुरू करता आली नाही, तेव्हा १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे देशाने एकेका वर्षाच्या योजनांवर काढली. पाठ्यपुस्तकात त्याला ‘योजनेची सुट्टी’ म्हणतात, आणि तो शब्द मला नेहमीच अन्यायाचा वाटत आला आहे, कारण त्या काळात काम थांबले नव्हते, फक्त पाच वर्षांपुढचे दिसते असा दावा थांबला होता. बाबांचा पाय मोडलेल्या वर्षी तुम्हीही तेवढेच करावे. उलंगवाडी होईपर्यंत, म्हणजे पऱ्हाटीची शेवटची वेचणी संपून तुरीची सवंगणी हातावेगळी होईपर्यंत, डावे पान कोरे राहिले तरी चालेल. उजवे मात्र रोज लिहा. होळीच्या सुमारास ती तीन-साडेतीन महिन्यांची उजवी पाने घेऊन बसा आणि त्यांच्यावरून येत्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंतचा बेत करा. भिंतीवरचा तक्ता आजच काढला तर बरे, आणि त्याची कोरी बाजू भावाच्या हिशेबाला कामी येईल.